वाटेवर नसलेलं गाव

सर परदेशी जाणार, तेही एकटे, तेही स्वस्तात, आणि तेही शाळेच्या सहामाही सुट्टीच्या दहा दिवसांत, ही बातमी इमारतभर पसरायला एक संध्याकाळ पुरली. पसरवण्याचं काम सरांनी जातीनं केलं. जिन्यात जो भेटेल त्याला थांबवून "जरा पाच शहरं बघून यावं म्हणतो" असं ते सांगायचे, कोपऱ्यावरून भाजी घेऊन येतो म्हणावं तितक्या सहज सुरात. मात्र पाच शहरांची नावं सांगताना तिसरं नाव ते जरा भरभर उरकायचे.

खरी गोष्ट अशी की उरलेल्या चार शहरांशी सरांचं काडीचं देणंघेणं नव्हतं. तिथले राजवाडे जळून खाक झाले असते तरी सरांनी चहाचा दुसरा घोट थांबवला नसता. सगळी यातायात त्या तिसऱ्या गावासाठी होती. त्या गावात त्यांचे एकुलते एक चिरंजीव राहत होते, सूनबाई राहत होत्या, आणि तीन वर्षांची एक नात राहत होती, जी सरांनी अजून समोरासमोर पाहिलेली नव्हती.

आता कुणीही शहाणा माणूस म्हणेल, मग सरळ मुलाकडे जावं. काकूही तेच म्हणत होत्या. काकू म्हणजे सरांच्या सौभाग्यवती. सगळी इमारत त्यांना काकू म्हणे. पण शहाण्या माणसाने चार वर्षांपूर्वी जिन्यात उभं राहून, खाली टॅक्सी हॉर्न वाजवत असताना, प्रत्येक मजल्याचं दार किलकिलं उघडलेलं असताना, पोटच्या मुलाला "तुझ्या घरात मरेपर्यंत पाय ठेवणार नाही" असं ओरडून सांगितलेलं नसतं. सरांनी सांगितलं होतं. चिरंजीवांनी तिथेच कायमचं राहण्यासाठी अर्ज करायचं ठरवलं होतं, आणि ते जाता जाता, बुटाचे बंद बांधता बांधता सांगितलं होतं. सरांना राग आला तो कायमचं राहण्याचा की बुटाचे बंद बांधता बांधता सांगण्याचा, हे त्यांचं त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं. पण वर्गात एकदा "उठा" म्हटल्यावर "बसा" म्हणायला त्यांना फार वेळ लागत असे, आणि घरी तर त्याहूनही.

तेव्हापासून दर रविवारी चिरंजीव फोनवर आईशी बोलत. फोनच्या पडद्यावर नात दिसे. त्या वेळी सर काकूंच्या खुर्चीमागे उभे राहून कपाटात चष्मा शोधत असत. चष्मा त्यांच्या डोळ्यांवर असे. काकूंनी त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. फक्त फोन जरा तिरका धरायची सवय लावून घेतली.

तर सरांनी यावर तोडगा काढला. मुलाकडे जायचं नाही. पाच शहरांच्या दौऱ्यावर जायचं, आणि दौऱ्यात ते गाव आपलं वाटेवर लागायचं. वाटेवर लागलं तर माणूस काय करणार? काकूंना सोबत येणं शक्य नव्हतं. आतल्या खोलीत त्यांचे वडील अंथरुणाला खिळून होते, आणि त्यांना दोघांपैकी एकाचाच हात चाले, तो काकूंचा.

"तुम्ही त्याला फोन करा आणि 'येतोय' म्हणा," काकू म्हणाल्या. "एवढा खटाटोप कशाला?"

"मी त्याच्याकडे जात नाहीये," सर म्हणाले. "मी प्रवासाला जातोय."

"बरं," काकू म्हणाल्या. त्या 'बरं'ला उत्तर देणं सरांना लग्नापासून जमलेलं नव्हतं.

सर शाळेत वेळापत्रक लावत. सगळ्या शाळेचं वेळापत्रक लावणं हे काम ज्याने केलं नाही त्याला माणसाच्या स्वभावाची खरी ओळख पटत नाही, असं त्यांचं मत होतं. गणिताला पहिला तास हवा असतो, कवायतीला शेवटचा, आणि मधल्या सुट्टीनंतरचा कुणालाच नको असतो. सरांनी दहा दिवसांचा दौराही तसाच आखला, चौकोनात. राजवाडा: दोन तास सलग. संग्रहालय: एक तास. जेवण: मधली सुट्टी. पाचही शहरांचे रकाने मुंगी शिरणार नाही इतके भरलेले. फक्त तिसऱ्या गावाचे दोन दिवस कोरे होते. तिथे सरांनी पेन्सिलीने फिकट लिहिलं होतं, 'मोकळा तास'.

हे वेळापत्रक घेऊन सर तिकिटांच्या दुकानात गेले. तिथे एक चुणचुणीत मुलगी बसत असे. तिने पाच मिनिटांत त्यांच्या दौऱ्याचे बारा वाजवले.

"काका, हे तिसरं गाव काढून टाका," ती म्हणाली. "हे वाटेवर नाहीच. तीनदा गाडी बदलावी लागते, आणि परत त्याच वाटेने यायचं. तुमचे दोन दिवस फुकट जाणार."

"मला कुणी काका म्हणत नाही," सर म्हणाले. "आणि ते गाव राहू दे."

"पण तिथे बघण्यासारखं काय आहे?"

या प्रश्नाची तयारी सरांनी केली नव्हती. चिरंजीवांनी कधीतरी आईला सांगितलेलं त्यांनी कपाटातून ऐकलं होतं, की गावात कुलपांचं एक लहानसं संग्रहालय आहे आणि ते बहुतेक वेळा बंदच असतं.

"कुलपं," सर म्हणाले.

इथून पुढे सर कुलपांचे शौकीन झाले. त्याला इलाज नव्हता. तळमजल्यावरच्या औषधवाल्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी कुलूप या विषयात सरांना इतका रस असेल असं वाटलं नव्हतं म्हणून माफी मागितली, आणि आपल्या वडिलांच्या पेटीचं गंजलेलं, किल्ली हरवलेलं कुलूप आणून दिलं. तिथल्या तज्ज्ञांना दाखवा, उघडलं तर उघडलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोन कुलपं आली. आठवडाभरात सरांची पिशवी अशी वाजायला लागली की चोरसुद्धा बिचकला असता.

सगळ्यात वरच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजरसाहेब राहत. ते एकदा सहकुटुंब परदेशी जाऊन आले होते, एका कंपनीच्या बसमधून, आणि त्या बळावर जगातल्या कुठल्याही विमानतळाबद्दल बोलत. त्यांनी सरांचं वेळापत्रक हातात घेतलं, लाल पेन काढलं आणि तिसऱ्या गावावर सरळ फुली मारली. सरांच्या वेळापत्रकावर लाल पेन चालवण्याची हिंमत आजवर मुख्याध्यापकांनीही केली नव्हती.

"कुलपं बघायला कुणी दोन दिवस घालवतं का हो?" मॅनेजरसाहेब म्हणाले. "त्यापेक्षा इथे धबधबा घ्या. आमच्या हिने तिथे ओरडून तीनदा फोटो काढून घेतला."

"धबधबा मी घेतो," सर म्हणाले, "पण कुलपं राहू देत."

"बरं, मग ती कुलपं तरी एका दिवसात उरका!"

खरं तर मॅनेजरसाहेबांना सगळं ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी त्यांचंही दार किलकिलं होतं. औषधवाल्यांना ठाऊक होतं. ते तिसरं गाव कुणाचं, हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. पण सर जे बोलत नाहीत ते आपण कसं बोलायचं, म्हणून सगळे शहाणपणाचं बोलत राहिले, आणि सगळं शहाणपण नेमकं त्या एका गावावर येऊन आदळत राहिलं. सर एकेकाशी हुज्जत घालत ते गाव वाचवत राहिले. रात्री त्यांचा आवाज बसलेला असे, आणि काकू न विचारता गरम पाणी आणून ठेवत.

स्वस्तातली राहण्याची जागा हा आणखी एक अध्याय. एका शहरात सरांना सहा जणांच्या खोलीतला वरचा पलंग मिळाला, शिडीने चढायचा. दुसऱ्या शहरातल्या वसतिगृहाने वय विचारलं आणि नम्रपणे कळवलं की आमच्याकडे पस्तिशीच्या आतले लोक उतरतात. सर चिडले. तिसऱ्या गावात मात्र त्यांनी कुठेच जागा पाहिली नाही. तिकीटवाल्या मुलीने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तिथे बघू, ऐन वेळी काहीतरी होईल." आयुष्यात ऐन वेळी काहीतरी होईल असं सरांनी पहिल्यांदाच म्हटलं होतं.

मग आला व्हिसाचा दिवस. चार देशांचे व्हिसे सुरळीत झाले होते. पाचव्यासाठी, म्हणजे चिरंजीवांच्या देशासाठी, वकिलातीत मुलाखतीला बोलावलं होतं. सरांना एकट्याने जायचं होतं. पण मॅनेजरसाहेब टाय बांधून खाली उभेच होते.

"अहो, वकिलात आहे ती, शाळा नव्हे," ते म्हणाले. "बोलताना कुणी अनुभवी माणूस जवळ असलेला बरा."

वकिलातीत काचेची खिडकी होती. काचेपलीकडे एक बाई होत्या, आपल्यातल्याच, आपल्याच भाषेत बोलणाऱ्या. त्यांच्यापुढे ध्वनिक्षेपक होता, त्यामुळे त्या कुजबुजल्या तरी पूर्ण दालनाला ऐकू जात असे. दालनात बाकांवर पन्नासेक लोक बसलेले. मॅनेजरसाहेब सरांच्या खांद्याला खांदा लावून उभे.

"कशासाठी जाताय?" बाईंनी विचारलं.

"प्रवास," सर म्हणाले. "कुलपांचं संग्रहालय आहे तिथे."

"त्या देशात तुमचं कुणी नातेवाईक आहे का?"

प्रश्न दालनभर घुमला. सरांनी तोंड उघडलं. 'मुलगा' हा शब्द अगदी ओठांवर आला होता, हे पुढे त्यांनी स्वतःशी अनेकदा शपथेवर सांगितलं. पण डाव्या कानाशी मॅनेजरसाहेबांचा श्वास लागत होता. आत्ता 'मुलगा' म्हटलं की संध्याकाळपर्यंत इमारतीत कळणार, की सरांनी शब्द मोडला, नाक मुठीत धरून निघाले.

"कुणी नाही," सर म्हणाले.

मॅनेजरसाहेबांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. बाईंनी संगणकात पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"तुमच्याच आडनावाचे एक गृहस्थ तिथे राहतात. त्यांनी कायम राहण्याचा अर्ज केलाय. त्यात वडिलांचं नाव तुमचं आहे, पत्ता तुमचा आहे. हे कोण?"

देव माणसाला चूक सुधारायची दुसरी संधी देतो, पण ती ध्वनिक्षेपकावरून देतो, त्याला काय करायचं? सरांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. आता 'हो, मुलगा आहे' म्हणायचं तर मघाचं खोटं होतं हेही कबूल करायचं, पन्नास लोकांसमोर. अशा वेळी सर जे करत आले होते तेच त्यांनी केलं. ते ताठ झाले.

"नावं सारखी असतात," ते म्हणाले.

परतताना टॅक्सीत मॅनेजरसाहेब एकाही विमानतळाबद्दल बोलले नाहीत. इमारतीशी उतरल्यावर त्यांनी फक्त सरांच्या पाठीवर हात ठेवला. सरांना त्या हाताचा फार राग आला, आणि तो हात काढून घेतल्यावर फार एकटं वाटलं.

व्हिसा नाकारल्याचं आठवड्यात कळलं. खोटी माहिती दिल्याबद्दल पाच वर्षं त्या देशासाठी अर्ज करता येणार नाही. सरांनी ते वाचून काकूंपुढे ठेवलं. काकूंनी वाचलं, आणि त्यांनी 'बरं'ही म्हटलं नाही. आतल्या खोलीत जाऊन वडिलांची चादर बदलली. ती सकाळीच बदललेली होती.

पुढच्या मंगळवारी फोन वाजला. मंगळवारी चिरंजीवांचा फोन कधी येत नसे. काकूंनी उचलला, ऐकला, आणि सरांपुढे धरला.

"तुमच्याशी बोलायचंय म्हणतो."

चार वर्षांत पहिल्यांदा.

"बाबा," चिरंजीव म्हणाले, "तुम्ही वकिलातीत काय सांगितलंत?"

सरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"माझा अर्ज अडकलाय. मला पत्र आलंय, की ज्याला तुम्ही वडील म्हणता तो माणूस म्हणतो की आमचं नातं नाही, तर खुलासा करा. त्यांना वाटतंय मी सगळीच कागदपत्रं खोटी दिली. बाबा, आम्हाला इथून काढतील."

मुलाचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर सरांना बरं वाटलं असतं. चढलेल्या आवाजाला काय उत्तर द्यायचं ते त्यांना येत होतं. मागून लहान मुलीचं रडणं ऐकू येत होतं.

"काय करावं लागेल?" सरांनी विचारलं.

"तुम्हाला वकिलातीत जाऊन शपथेवर सांगावं लागेल, की मी तुमचा मुलगा आहे. कुटुंबाला ओळखणारे दोन साक्षीदार लागतील. त्यांनी एकच तारीख दिलीय."

ती तारीख नेमकी सरांच्या विमानाची होती. चार शहरं अजून शाबूत होती, राजवाडे, धबधबा, वरचा पलंग, सगळं. तिकीटवाली मुलगी म्हणाली की आता बदलता येणार नाही आणि एक पैसाही परत मिळणार नाही. सरांनी तिला सांगितलं, "राहू दे, मला काही बघायचंच नव्हतं." मुलीने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि "ठीक आहे, सर" म्हणाली.

विमान सोडायला सरांना काहीच जड गेलं नाही. जड गेलं ते साक्षीदार मागायला. ज्यांच्यासमोर शब्द दिला होता त्यांच्याच दारात जाऊन उभं राहायचं होतं. सर आधी औषधवाल्यांकडे गेले आणि कुलपं परत देण्याचं निमित्त केलं. कुलपं हातात घेऊन औषधवाले म्हणाले, "किती वाजता निघायचं? मी दुकान बंद ठेवतो." मॅनेजरसाहेबांच्या दारात तर सर वाकून पायपुसणंच सरळ करत राहिले. शेवटी मॅनेजरसाहेबच म्हणाले, "टाय बांधू ना?"

वकिलातीत त्याच खिडकीशी त्याच बाई होत्या, तोच ध्वनिक्षेपक होता. बाकांवरची माणसं वेगळी होती, पण तेवढीच होती.

"मोठ्याने सांगा," बाई म्हणाल्या. "नोंद होतेय."

"तो माझा मुलगा आहे," सर म्हणाले.

"पूर्ण नाव, जन्मतारीख."

सरांनी नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली. आणि तिथे थांबायला हवं होतं, पण ते थांबले नाहीत. तो डावखुरा आहे, ते म्हणाले. पाच वर्षांचा असताना न्यूमोनिया झाला, तेव्हा बारा रात्री मी त्याला खांद्यावर घेऊन उभा होतो, आडवं ठेवलं की त्याला श्वास घेता येत नसे. गणितात हुशार होता, पण माझ्या वर्गात असताना मी त्याला कधी पहिला नंबर दिला नाही, लोक काय म्हणतील म्हणून.

"इतकं नको," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "मागच्या वेळी 'कुणी नाही' असं का म्हणालात? कारण लिहावं लागेल."

"राग होता."

"राग लिहिता येत नाही. मी 'गैरसमज' लिहिते."

"गैरसमज नव्हता," सर म्हणाले. "तो माझा मुलगा आहे हे मला तेव्हाही माहीत होतं. नीट माहीत होतं. तरी मी नाही म्हणालो."

मॅनेजरसाहेब छताकडे पाहत होते. औषधवाल्यांनी सही करायला पेन घेतलं आणि चुकीच्या जागी सही केली, त्यामुळे तो कागद पुन्हा करावा लागला आणि सरांना सगळं पुन्हा एकदा म्हणावं लागलं. दुसऱ्या वेळी त्यांचा आवाज अजिबात कापला नाही. बाईंनी शेवटी 'गैरसमज'च लिहिलं.

चिरंजीवांना कुणी काढलं नाही. मात्र त्यांचा अर्ज पुन्हा रांगेच्या शेवटी गेला, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत त्यांना तो देश सोडता येणार नव्हता. सरांवरची पाच वर्षांची बंदीही कायम राहिली, म्हणजे सरांना तिकडे जाता येईना आणि मुलाला इकडे येता येईना. मन लावून बसले असते तरी एवढी चोख अडचण सरांना आखता आली नसती.

त्या रविवारी फोन आला तेव्हा सर कपाटाकडे गेले नाहीत. काकू उठल्या आणि आपली खुर्ची त्यांना दिली. पडद्यावर चिरंजीव होते. त्यांचे केस कानांवर पांढरे झाले होते, आणि हे कपाटातून कधी दिसलं नव्हतं.

"कसे आहात, बाबा?"

"बरा आहे. तू?"

"बरा आहे."

एवढ्यात मुलाच्या बाजूने एक डोकं वर आलं, मग दोन डोळे. नातीने पडद्यातल्या माणसाकडे बराच वेळ पाहिलं आणि बापाला तिकडच्या भाषेत काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?" सरांनी विचारलं.

"विचारतेय, हे आजोबा आपल्याकडे कधी येणार."

सरांनी हिशेब केला. तो करायला त्यांना कागद लागला नाही. पाच वर्षं. आज ती बालवर्गात. मग पहिली, दुसरी.

"सांग तिला," ते म्हणाले, "ती तिसरीत गेली ना, की येतो."

चिरंजीवांनी मान खाली घातली आणि मुलीला सांगितलं. तिने टाळी वाजवली, खुर्चीवरून उतरली आणि काहीतरी मोठ्याने बोलत आत पळाली. काकू सरांच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला होता.

"आता काय म्हणाली?"

"तिसरी म्हणजे काय, ते तिला कळत नाही, बाबा," मुलगा म्हणाला. "ती विचारतेय, म्हणजे उद्याच ना?"

आयुष्यभर सरांनी कुणाला चुकीची तारीख सांगितली नव्हती.

"हो म्हण," ते म्हणाले.